त्याला स्नायपर म्हणू नका

ती घटना आठवली की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या मुठी आवळतात. तेव्हा मी बोरीवलीतल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. त्यातल्या एकाचं नाव लिहायचा मोह मात्र फार होतो.

खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून रोज सकाळी बोटीनं येणारी एक मावशी एका मोठ्या सोसायटीसमोर झाडाखाली मासळी विकायला बसायची. एके दिवशी गिऱ्हाइकाला बोंबील देता देता ती किंचाळली आणि पाटीवरच कोसळली. डाव्या डोळ्यातून रक्त. लोकांना वाटलं, कोणीतरी दगड मारला. रुग्णालयात मी तिचा जबाब घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यातून काढलेला शिशाचा छर्रा दाखवला. डोळा गेलाच होता.

"सायबा, कोयत्यावर मासली कापायची म्हंजे दोन डोले लागतात," मावशी म्हणाली. "आता मी धंदा कसा करू?"

मी छर्रा पाकिटात घालून सीलबंद करून घेतला.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सुरू झालं, 'बोरीवलीत स्नायपर!' अंगावर झाडपाला बांधलेल्या जवानाचं चित्रही लावलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर तर ऊत आला होता. 'स्नायपरचा नेम भारी आहे यार', खाली हसणारी तोंडं. एका बाईचा डोळा गेला आणि यांना मजा वाटत होती. माझं डोकं फिरलं.

हा शब्द कुठून आला ते मला प्रशिक्षणात एका जुन्या उस्तादांनी सांगितलं होतं. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. दलदलीत दबून बसणारा आणि उडाला की वेडावाकडा पळणारा पक्षी. त्याला टिपणं महाकठीण, म्हणून ज्याला ते जमायचं तो स्नायपर. पुढे लपून अचूक गोळी झाडणाऱ्या सैनिकाला हे नाव मिळालं. तो सैनिक थंडीत, चिखलात न हलता पडून राहतो आणि समोरही बंदूकच असते. इथे समोर मासे विकणारी बाई होती. हल्ली मात्र क्रिकेटमधल्या अचूक फेकीपासून मोबाइलच्या गेमपर्यंत सगळ्यांना हाच शब्द लागतो. मी ठाण्यात बजावलं, या गुन्ह्याच्या एकाही कागदावर तो शब्द दिसता कामा नये.

त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. बाई त्याच सोसायटीतल्या होत्या, नाव सांगायला तयार नव्हत्या. "साहेब, आमच्या आवारात कबुतरं मरून पडतात. सफाईवाला गुपचूप उचलतो. एकाच्या अंगात छर्रा मी स्वतः पाहिला."

मी मावशीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो आणि समोरची इमारत मजल्यामजल्यानं पाहत गेलो. आपल्याकडे खिडकीला कबुतरांची जाळी असते, नाहीतर सज्ज्यावर आणि एसीवर घाणीचे थर असतात. तिसरा प्रकार मी मुंबईत पाहिलेला नाही. तिथे होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीला जाळी नव्हती आणि सज्जा मात्र लख्ख. त्या खिडकीत बसायचं नाही, हे कबुतरांना कळून चुकलं होतं.

घर एका मोठ्या कंपनीतल्या साहेबांचं होतं. कडक इस्त्री, गोड बोलणं. मासळीच्या वासाबद्दल महापालिकेकडे तक्रारी करणारेही हेच. चौकशीला ठाण्यात बोलावलं तर म्हणाले, "एअरगन? माझ्याकडे? मला असले शौक नाहीत हो."

तासभर हेच चाललं. असल्या माणसाला दरडावून काही मिळत नाही, त्याच्या अहंकाराला धक्का लावावा लागतो. मी उपनिरीक्षकाकडे वळलो. "जाऊ दे रे यांना. कोणीतरी टपोरी असणार. कबुतरावर झाडला, नेम चुकला, बाईला लागला."

"नेम कसला चुकतोय!" साहेब उसळले. "पाटीवरच धरला होता, तीच मध्ये वाकली!"

उपनिरीक्षकानं ते शब्द तिथल्या तिथे लिहून घेतले. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही, पण तिच्यावरून सापडलेलं हत्यार चालतं. म्हणून दोन पंच बोलावले, निवेदन लिहून घेतलं आणि त्यालाच पुढे घालून त्याच्या घरी गेलो. त्यानं पोटमाळ्याकडे बोट दाखवलं. गणपतीच्या मखरामागे जुन्या चादरीत गुंडाळलेली एअरगन निघाली, सोबत छर्ऱ्यांची डबी. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, मखरामागे ठेवलीत?" एवढंच म्हणून ती आत निघून गेली.

संध्याकाळी सोसायटीची मंडळी आली. "साहेब, चांगल्या घरातला माणूस आहे. चुकून झालं. मिटवून टाका ना."

"चुकून?" मी ओरडलोच. "सकाळी त्याच्या नेमाचं कौतुक करत होतात! मावशीच्या उरलेल्या डोळ्यात बघून म्हणा चुकून!" कोणी रुग्णालयात गेलं नाही.

खटला दिंडोशीच्या न्यायालयात उभा राहिला. मावशी साक्षीला आली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. एका डोळ्यानं कापताना अंदाज चुकायचा. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "या माणसाला तुम्ही ओळखता? याला गोळी झाडताना पाहिलंत?"

त्याला शिक्षा छर्ऱ्याच्या आणि पंचनाम्याच्या पुराव्यावर झाली. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी काय शिकलो असं कोणी विचारलं, तर मी मावशीचं उत्तर सांगतो. लपून मारणाऱ्याबद्दल त्याहून खरं काही मी ऐकलेलं नाही. तिनं मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाय. तो मना रोज बगत होता. मी त्याला आज पैल्यांदा बगते."

त्यानं मान खाली घातली. मावशी बघतच राहिली.