दोनदा पडलेलं मीठ

आई गणिताची शिक्षिका होती. पंच्याऐंशी उलटली तरी टाचणीसुद्धा तिला ठरल्या जागीच लागते. "चुकलं" हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी तिच्या अगदी उलट. बासष्ट वर्षांची झाले, तरी गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येते.

तिला विसरायला होऊ लागलं म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी आठवणीपेक्षा तिच्या स्वभावाचीच चौकशी जास्त केली. शिस्तीच्या माणसांना बऱ्याचदा सवयच सांभाळून नेते, म्हणाले. सतत धास्तावलेल्यांचं जरा अवघड असतं. प्रत्येकाचं तसंच होतं असं नाही, हेही ते म्हणाले. ते आईबद्दल बोलत होते आणि मी माझाच निकाल ऐकत होते.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघी नेहमीप्रमाणे वर्षाची चटणी कुटायला डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या गिरणीवर गेलो. चटणी म्हणजे आमचं मसाला घातलेलं लाल तिखट. ती कुटून होईपर्यंत घरच्या बाईनं डंकापुढून हलायचं नाही, आणि खडेमीठ घरूनच मोजून न्यायचं, हा आईचा कायदा.

घरी येऊन बोटावर घेतली, तर नुसती खारट. मी आईवर तुटून पडले. "दोनदा मीठ टाकलंस! आता कशाला हात लावतेस?" शेजारीपाजारी ऐकतील इतकी ओरडले. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटत होतं. विसरली ती होती, मी नव्हे.

आईनं चटणीच्या डब्याचं झाकण लावलं. "व्हय, चुकलं माझं," म्हणाली.

पुढचे आठ दिवस भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना तेच कानात. माझी आई अशी बोलत नाही. मग ही कोण, असं वाटायचं.

बिनमिठाची चटणी कुटून त्यात मिसळावी म्हणून मी एकटीच परत डंकावर गेले. डंकवाली हसायला लागली. "मावशी, आज मीठ न्हाय न्हवं आणलं? त्या दिवशी घरचं टाकलासा, आन् परत शेजारच्या दुकानातनं आणून टाकलासा. आजी हात धरत हुत्या तुमचा. झटकलासा की!"

घरी आले. आई तांदूळ निवडत होती.

"आई, मीठ मीच टाकलं होतं. तुला माहीत होतं?"

"व्हय की."

"मग चुकलं का म्हणालीस?"

"डॉक्टरांकडनं आल्यापासनं तू लई भ्याली होतीस. माझं नाव इसरभोळी म्हणून झालंच हाय. त्यात आणि एक खपून गेलं असतं."

मी तिथंच बसून रडले. चटणी कुटली त्या दुपारचं ऊन मला आठवतं, डंकाचा दणदणाट आठवतो. मला धरणारा तिचा हात मात्र काही केल्या आठवत नाही, आणि हे मी अजून डॉक्टरांना सांगितलेलं नाही.