सदतीस कोणास देऊ नये

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे मागाहून दुसऱ्या कोणी सांगायला नको. शाळेच्या गणवेशांच्या कापडाचे वीस गठ्ठे मी एकदा रे रोडच्या लाकडाच्या वखारीत पाठवले होते. खुर्चीवरून न उठता, एका बोटाने. आणि ज्या बाईला ते हवे होते तिला फोनवर ऐकवलं होतं, "नीट शोधा, तुमच्याकडेच असतील." पुढचं सगळं हजेरीकाकांनी निस्तरलं. तेव्हा मूर्खपणा माझा असला, तरी हे लिहिणं त्यांच्यावरचं आहे.

हजेरीकाका माणसं नंबराने लक्षात ठेवत. लालबागच्या एका मिलच्या टाइम ऑफिसात त्यांनी वीस वर्षं हजेरी मांडली होती, आणि मिलमधल्या प्रत्येकाला तिकीट नंबर असे. "सातशे सहाच्या मुलीचा लगीन आसा गो, आज लवकर सुटतंय," असं ते मला सांगत. सातशे सहाला नावही असणार, पण ते विचारलं की काका डोकं खाजवत. एकदा मी खवचटपणे म्हटलं, "काका, माणसाला आईबापांनी नाव ठेवलेलं असतं हो."

"आमच्या एका खात्यात चार तुकाराम सावंत होते," काका म्हणाले. "आवस-बापूस नावां काय एकामेकाक इचारून ठेवतत?"

मी विषय बदलला. एरवी मला त्या काळी सगळ्यावर उत्तर सुचत असे.

गिरण्यांचा संप होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. परळला गणवेश पुरवणाऱ्या एका कंपनीत काका आवक-जावकचं टेबल सांभाळत, आणि मी गिरगावातून तिथे कॉम्प्युटरवर बसायला आले होते. तिशी उलटलेली, एका मुलीची आई, सहा महिन्यांच्या क्लासचं सर्टिफिकेट पर्समध्ये घडी करून ठेवलेलं. आमच्याकडे नवीनच पद्धत सुरू झाली होती. ऑर्डर, माल निघाल्याची खबर, माल पोचल्याची खबर, सगळं एका कंपनीच्या कॉम्प्युटरमधून दुसरीच्या कॉम्प्युटरमध्ये टेलिफोनच्या तारेने जायचं. कागद नाही, पोस्ट नाही. मात्र कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत, म्हणून कापडवाला, शिलाईवाला, गोदाम, शाळा, प्रत्येकाला एक लांबलचक नंबर. तो जगात दुसऱ्या कोणाचा नसायचा. आमच्या शिलाईवाल्यांचे नंबर मी द्यायची, आणि बोलताना आम्ही त्यातले वेगळे पडणारे दोन आकडेच घ्यायचो: पस्तीस, छत्तीस, सदतीस.

मी हे काकांना अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तिकीट नंबर."

मला रागच आला. सहा महिन्यांच्या क्लासचं त्यांनी दोन शब्दांत भरीत केलं होतं. मी म्हटलं, "तसं नाही काका. यात शेवटचा आकडा पहारेकरी असतो. मधला एक जरी आकडा चुकला ना, की कॉम्प्युटर लगेच ओरडतो."

"आकडो चुकलो तर ओरडतलो," काका म्हणाले. "माणूस चुकलो तर?"

म्हातारी माणसं काहीही विचारतात, असं म्हणून मी चहा घ्यायला गेले.

त्याच सुमारास लालबागच्या एका चाळीत सुलभावहिनींनी शिलाईचं युनिट काढलं. दहा बाय बाराची खोली, सहा मशीन, सहा बायका. सहाही जणींचे नवरे संपापासून घरी बसलेले. काका वहिनींना 'एकवीसशे चौदाची बायको' म्हणत. आमच्या साहेबांनी त्यांना एका शाळेची ऑर्डर दिली आणि बजावलं, "शाळा उघडायच्या आत माल आला तर पुढच्या वर्षीही तुम्हालाच. नाही आला, तर मला विचारू नका."

वहिनींना नंबर द्यायचा होता. नव्या नंबरासाठी फॉर्म भरा, सगळ्या कंपन्यांना कळवा, त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबा, यात आठ दिवस मोडायचे. आणि माझ्या यादीत छत्तीसनंतर अडतीस होता. सदतीस नंबरचे रे रोडचे मेस्त्री युनिट बंद करून गावी निघून गेले होते. ती मधली रिकामी जागा मला रोज खुपायची, रांगोळीत एक ठिपका राहून गेल्यासारखी. मी सदतीस वहिनींना द्यायला घेतला.

काका टेबलावरून उठून आले. "बाय, हो नंबर मेस्त्रीचो."

"मेस्त्री गेले काका. नंबर मोकळा झाला."

तेव्हा काकांनी त्यांची ती गोष्ट सांगितली. संप लांबला, तेव्हा मिलमध्ये नवी माणसं भरायला लागले. मॅनेजर टाइम ऑफिसात येऊन म्हणाले, "जुने नंबर मोकळे झालेत, तेच या लोकांना द्या." काका म्हणाले, "मोकळे नाय झाले साहेब. गेटाभायर उभे आसत." दुसऱ्या दिवसापासून काकाही गेटाबाहेर.

गोष्ट छान होती. मी ती मन लावून ऐकली, आणि सदतीस टाकला.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये मी सदतीसपुढचं नाव बदललं, पत्ता बदलला. मला वाटलं होतं, आपण आपल्या दारावरची पाटी बदलली की सगळ्या नातेवाइकांच्या डायरीतला पत्ता आपोआप बदलतो. मग वीस गठ्ठे सदतीसला पाठवा, अशी ऑर्डर कापडवाल्याला धाडली. पण त्याच्या कॉम्प्युटरमध्ये सदतीस अजून रे रोडलाच राहत होता. तीन दिवसांनी माझ्या पडद्यावर खबर आली: माल पोचला. पहारेकरी ओरडला नाही, कारण आकडा अगदी बरोबर होता.

वहिनींनी खालच्या वाण्याकडून फोन केला. "मॅडम, कापड आलं नाही हो."

"आलंय. इथे स्पष्ट दिसतंय. नीट शोधा, तुमच्याकडेच असतील गठ्ठे."

वहिनी म्हणाल्या, "मॅडम, खोली दहा बाय बाराची. वीस गठ्ठे लपवू कुठे, मोरीत?"

तरीही मला पडदाच खरा वाटला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी काका डबा ठेवायच्याही आधी माझ्यापुढे उभे राहिले. ते त्याच चाळीत राहायचे. "तीन दिस मशिनींचो आवाज नाय," ते म्हणाले. "सहाय जणी हात बांधून बसल्यात. उठ गो. रे रोडाक जावया."

मेस्त्रींच्या गाळ्याला कुलूप होतं. शेजारच्या वखारवाल्याने ड्रायव्हरला सही देऊन गठ्ठे आपल्याकडे ठेवून घेतले होते, मेस्त्री कधीतरी येतील म्हणून. वीसच्या वीस, वर लाकडाचा भुसा. काकांनी तिथेच उभं राहून एकेक मोजला आणि टेम्पो बोलावला. रस्ताभर ते गठ्ठ्यांवरचा भुसा झटकत बसले. ते मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

खोलीत मी वहिनींची माफी मागितली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुईदोरा हातात दिला. "बटणं लावता येतात ना? की तीही कॉम्प्युटर लावतो?"

चाळीतल्या आणखी चार जणी येऊन बसल्या. चार दिवस मी ऑफिस सुटलं की चाळीतले दिवे विझेपर्यंत बटणं लावली. त्यातली निम्मी वहिनींनी उसवून पुन्हा लावली, माझ्यासमोर. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा गठ्ठा गेला. पुढच्या वर्षीही ऑर्डर वहिनींनाच मिळाली, एकोणचाळीस या कोऱ्या नंबरावर. माल अगदी शेवटच्या दिवसापर्यंत का रखडला, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "पत्त्याचो घोळ झालो." घोळ कोणी केला ते ना त्यांनी सांगितलं, ना मी. मी तेव्हा भित्रीही होते. काकांनी फक्त आपल्या वहीत लिहिलं: 'सदतीस. बंद. कोणास देऊ नये.' आणि वही माझ्या टेबलावर उघडी ठेवून ते चहाला गेले.

पुढे कंपनीने नोकरांनाही नंबर दिले. काकांचा नऊ. काही वर्षांनी ते निवृत्त झाले. त्यानंतर त्यांचे पाय गेले, आणि ते चाळीतल्या खिडकीपाशी खाटेवर असायचे. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा बोलता बोलता म्हटलं, "काका, तुमच्या टेबलावर नवीन मुलगी आली. कॉम्प्युटर म्हणाला, नऊ मोकळा आहे. मी तिला एकतीस दिला. आता यादीत आठनंतर एकदम दहा दिसतो. बघितलं की अजून डोळ्यांत खुपतं."

काका खिडकीबाहेर बघत होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बरां केलंस गो बाय. मी अजून भायर उभो आसंय."