पुढं काय दिसतं?

पुंजाराम कन्नडच्या बाजूचा, शिवनाकाठच्या एका खेड्यातला. लढाईचे दिवस होते. लढाई चालली होती कुठंतरी लांब विलायतेत, पण पेट्रोल मात्र नाहीसं झालं होतं ते औरंगाबादेतलं. त्यामुळं आप्पासाहेबांच्या लारी कंपनीतल्या सगळ्या लाऱ्या कोळशाच्या धुरावर चालत. प्रत्येक लारीच्या अंगाला एक उंच पत्र्याची भट्टी ठोकलेली. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हातानं पंखा फिरवत बसायचं, आणि भट्टीच्या मनात आलं की लारी हलायची.

अशीच एक लारी पुंजारामच्या गावाजवळ ओढ्यात रुतली. गावची चार माणसं बघत उभी राहिली. पुंजारामनं मात्र मागून खांदा लावला आणि लारी वर काढली. पुढं बसलेले कंपनीचे मुन्शी फारूखमिया खाली उतरले, त्यांनी त्याला खालवर न्याहाळलं आणि म्हणाले, "कंपनीत ये. डायवर करतो तुला."

एवढ्यावर पुंजारामची आई सारजाबाईनं साऱ्या गावाला सांगून टाकलं की पोरगं लारीवर डायवर झालं. सासुरवाडीलाही निरोप गेला. मुन्शींनी त्याच्यात पाहिला होता तो खांदा, हे कळायला पुंजारामला औरंगाबादेपर्यंत जावं लागलं.

शहागंजच्या मागं कंपनीचं आवार होतं. तिथं नव्या डायवरला खाकी कपडे मिळतात असं त्यानं ऐकलं होतं, आणि ते खरंही होतं. त्याला मिळाला तो आधीच्या गड्याचा कोट, निखाऱ्यांनी पार चाळण झालेला. कामाचं नाव मात्र डायवर नव्हतं. क्लीनर. तेही कुणी सरळ म्हणत नसे, सगळे किन्नर म्हणत. किन्नरानं भट्टी पेटवायची, राख काढायची, पाणी भरायचं, चढावर लारी थकली की चाकामागं दगड लावायचा. आणि सकाळी पुढच्या तोंडात हँडल घालून इंजिन फिरवायचं. ह्या हँडलानं पहिल्याच आठवड्यात उलटा फटका देऊन त्याचं मनगट सुजवलं.

"चांगला शकून," शेजारच्या लारीवरचा गडी म्हणाला. "आमचा हात तर मोडलाच होता."

पुंजारामला दिलं होतं निजामुद्दीन उस्तादांच्या हाताखाली. कंपनीतले सगळ्यात जुने डायवर. डोळ्यांत सुरमा, गळ्यात धुवट रुमाल, आणि आवाज असा की भोंग्याची गरज नसावी. त्यांची ख्याती मोठी होती. उस्तादांनी कधी माणसाला, जनावराला, भिंतीला लारी लावली नाही. दौलताबादच्या वेशीतून कापसानं फुगलेली लारी न्यायची म्हटलं की भल्याभल्यांचा हात कापे. उस्ताद गप्पा मारत काढून नेत. दिवस मावळला की मात्र ते लारीला हात लावत नसत. मगरीबनंतरचा वेळ अल्लाचा, असं ते म्हणत. त्यांची लारी त्यामुळं कधी कधी अर्ध्या वाटेवरच मुक्काम करी, पण एवढ्या धार्मिक माणसाला टोकायचं कसं म्हणून मुन्शी गप्प बसत.

नव्या माणसाला शिकवायची त्यांची तऱ्हाही वेगळीच होती. स्टेअरिंगला हात लावू देत नसत. शेजारी बसवायचे आणि लारी आवाराबाहेर पडली की विचारायचे, "बोल, पुढं काय दिसतं?"

"रस्ता," पुंजाराम पहिल्या दिवशी म्हणाला.

"रस्ता तर माझ्या बापालाबी दिसायचा. रस्त्यावर काय हाय ते बोल."

मग पुंजाराम बोलू लागला. डाव्या अंगाला बैलगाडी. मधोमध कुत्रं, निजलेलं. म्हातारी, डोक्यावर सरपण, रस्ता ओलांडाया बघतीय. म्हशी, लई म्हशी. तो बोलायचा आणि उस्ताद नुसते "हूं" करून चाक फिरवायचे. जरा जीभ थांबली की ओरडायचे, "का रे, जबान गहाण ठेवली का? डायवरची नजर तयार व्हाया लागते. आधी नजर, मग हात." आधीचे चारही किन्नर असेच शिकून गेले होते, आणि दुसऱ्या कंपन्यांत त्यांचं नाव होतं. संध्याकाळी पुंजारामचा घसा बसलेला असे. पण आपली नजर तयार होतेय, ह्याचं त्याला समाधान वाटे.

एकदा कापूस भरायला कन्नडला जाताना लारी त्याच्या गावावरून गेली. साळूबाई, त्याची बायको, भाकरी घेऊन रस्त्यावर आली. तिनं लारी पाहिली, काळाठिक्कर पडलेला नवरा पाहिला.

"तुमी ह्या अंगाला का बसता?" तिनं हळूच विचारलं. "चाक तर त्या अंगाला हाय."

"उस्ताद चाक धरतात. मी पुढचं बघून सांगतो, कुठं काय हाय ते. मग ते वळवतात."

साळूबाईनं क्षणभर विचार केला. "म्हंजी हाकता तर तुमीच."

पुंजाराम तिच्या अडाणीपणाला हसला. बायामाणसांना लारीतलं काय कळणार, असं त्यानं परत जाताना उस्तादांना हसत सांगितलंही. उस्ताद हसले नाहीत. "पुढं बघ," एवढंच म्हणाले.

पुढं काही महिन्यांनी वेरूळच्या हॉटेलात बिनसलं. चहा पिताना पुंजारामनं चारचौघांत विचारलं, "उस्ताद, नजर तर तयार झाली. आता हाताचं कधी?" उस्तादांनी कप खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत त्याला सुनावलं. गाढवाच्या पाठीवर रेशमी झूल टाकली म्हणून गाढव घोडा होत नाही, आणि कोळसा फुंकणाऱ्यानं कोळसाच फुंकावा. हॉटेलातली माणसं हसली.

पुंजाराम मुकाट्यानं लारीत चढला. वेरूळ मागं पडलं. उस्तादांनी विचारलं, "पुढं काय दिसतं?" पुंजाराम बाहेर बघत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं. ह्यानं तोंड उघडलं नाही. त्याला वाटलं, ह्यांचे त्यांना डोळे आहेत की.

पुढं एका नाल्यावरची मोरी खचली होती. दुरुस्तीसाठी रस्त्यावर दगड मांडून वाट शेतातून काढून दिली होती. दगड हाताभर मोठे, वर लाल फडकं लावलेली काठी. पुंजारामला ते सगळं लांबूनच दिसलं. आता वळवतील, आता वळवतील, असं तो बघत राहिला. उस्ताद सरळच चालले होते, निवांत, जसं काही मोरी जागेवरच आहे.

अगदी शेवटी पुंजारामनं झेप घेऊन चाक आपल्याकडं ओढलं. लारी दगडांना चाटून खाली उतरली, तुरीच्या शेतात पाच-पन्नास पावलं गेली आणि भट्टीतून राख ओकून थांबली. दोघांनाही खरचटलं नाही. तुरीचं मात्र जे व्हायचं ते झालं.

शेताची मालकीण भागूबाई विळा हातात घेऊनच आली. तिनं आधी तूर पाहिली, मग उस्तादांना पाहिलं.

"एवढं लाल फडकं लावलंय. दिसत नाय व्हय तुला?"

उस्ताद दोन्ही हात चाकावर ठेवून बसले होते. ते म्हणाले, "नाय, बाई. नाय दिसत."

भागूबाईला वाटलं, म्हातारा उद्धटपणा करतोय. तिनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुंजाराम मात्र उस्तादांच्या तोंडाकडं बघत राहिला. इतक्या महिन्यांत त्यानं रस्त्यावरचं कुत्रं, म्हैस, म्हातारी सगळं पाहिलं होतं. शेजारी बसलेल्या माणसाकडं तेवढं नीट पाहिलं नव्हतं. सुरम्याच्या आत दोन्ही बुबुळांवर दुधासारखी साय धरली होती.

भागूबाईची पुंजारामनं कशीबशी समजूत घातली. मोडलेली झाडं बांधून दिली, पुढच्या खेपेला एक दिवस शेतात राबायचं कबूल केलं. ती गेल्यावर दोघं बांधावरच्या लिंबाखाली बसले.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्सं असतील. आधी धुकं आल्यासारखं वाटायचं. हकीमनं सुरमा दिला. सुरमा चांगला होता, नजर गेली." उस्तादांनी रुमालानं तोंड पुसलं. "रस्ता पाठ हाय मला. कुठं वळण, कुठं चढ, वेशीत किती जागा. रस्त्यावर येणारं-जाणारं तेवढं पाठ करता येत नाय. त्याला माणूस लागतो."

"म्हंजी मला शिकवत नव्हता तुमी."

"शिकला तर तू. झूट नाय त्यात."

पुंजारामला राग यायला हवा होता, आणि तो आलाही. पण तो राग घेऊन करायचं काय, ते त्याला सुचेना. आप्पासाहेबांना सांगितलं तर उस्ताद घरी बसतील, आणि उद्या त्यांच्या जागी जो येईल तो ह्याला पुन्हा कोळसाच फुंकायला लावील. अंगावरची राख झटकत तो म्हणाला, "उठा. तिकडून बसा."

त्या दिवसापासून लारी शहराच्या दरवाजाबाहेर पडली की दोघं जागा बदलत. पुंजाराम चाकावर, उस्ताद शेजारी. आता कुठं खरी शिकवणी सुरू झाली. उस्ताद डोळे मिटून ऐकत बसायचे. "गेर रडतोय, बदल." "पाय दाबू नको, नुसता ठेव." "भट्टीचा दम गेला, चढाला आता लागू नको." परत शहर आलं की पुन्हा उस्ताद चाकावर आणि पुंजारामचं तोंड चालू. शिकवणी अशी दोन्ही बाजूंनी चालली.

पुढं मुन्शींनी त्याला लायसनसाठी अमीनसाहेबांपुढं उभं केलं. पोलीस खात्याचे हे अमीनसाहेब वयस्क गृहस्थ होते आणि मोटारीपेक्षा त्यांचा घोड्यावर विश्वास जास्त होता. त्यांनी त्याला हर्सूलच्या तळ्यापर्यंत लारी न्यायला लावली, परत आणायला लावली, आणि खाली उतरल्यावर एकच सवाल केला.

"समोर म्हैस आली तर काय करशील?"

"ओरडीन, सरकार," पुंजाराम सवयीनं बोलून गेला.

"काय ओरडशील?"

"म्हैस, म्हणून."

"मग?"

"मग उस्ताद थांबवतील."

मागं उभे असलेले उस्ताद जोरात खोकले. अमीनसाहेबांनी हसू दाबलं. "आणि उस्ताद नसले तर?"

"तर मग मलाच थांबवावी लागंल," पुंजाराम म्हणाला. आणि त्याला लायसन मिळालं.

खरी अडचण उभी राहिली ती त्यानंतर. कंपनीत एक नवी लारी येत होती आणि आप्पासाहेबांनी ती पुंजारामला द्यायचं ठरवलं. उस्तादांच्या हाताखाली फकिरा नावाचा नवा गडी नेमला. फकिरा गंगापूरकडचा, अंगानं दांडगा, पण विचारल्याशिवाय न बोलणारा; विचारल्यावरही एका शब्दात उरकणारा. पुंजारामनं त्याला विचारून पाहिलं, "समोर काय दिसतं?" फकिरानं बराच वेळ आवाराकडं पाहिलं आणि म्हणाला, "काय नाय." समोर सहा लाऱ्या, दोन बकऱ्या आणि मुन्शी होते.

पुंजाराम आप्पासाहेबांकडं गेला. जाताना त्यानं खरं सांगायचं ठरवलं होतं. तिथं गेल्यावर जीभ वळेना. तो म्हणाला, "मालक, उस्तादांच्या हाताखाली एकच गडी का? समद्या नव्या गड्यांना त्यांच्याच हाताखाली घाला. त्यांना लारीवरून उतरवा, अन् आवारात बसवून शिकवाया लावा."

"आणि त्यांची लारी?"

"ती मी चालवतो. नवी फकिराला द्या कवातरी."

आप्पासाहेब विचारात पडले. नवी लारी सोडून जुनी मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता, त्यामुळं ह्यात कंपनीचाच फायदा असला पाहिजे, असं त्यांनी मानलं. मुन्शीही म्हणाले, उस्तादांचा एकेक चेला बघा, कुठं लारी ठोकली म्हणून ऐकलं का? आठवड्याभरात उस्ताद आवारात खुर्ची टाकून बसले. नवे गडी त्यांच्याभोवती लाऱ्या फिरवायचे आणि उस्ताद इंजिनाच्या आवाजावरून शिव्या द्यायचे. पाहुणे आले की आप्पासाहेब त्यांना मुद्दाम आवारात आणून दाखवत. "नजर बघा माणसाची. चाकातला खडासुद्धा सुटत नाही."

लढाई संपली त्या साली एक मोठे डॉक्टर औरंगाबादेत मोतीबिंदू काढायला आले. उस्तादांची बायको अनवरी त्यांना हाताला धरून घेऊन गेली. तिला हे सगळं कधीचंच ठाऊक होतं. नवऱ्यानं लपवलंय तर त्याला बरं वाटू द्यावं, म्हणून ती बोलली नव्हती. पट्टी सुटल्यावर उस्तादांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला आणि बरंच काही दिसायला लागलं.

पहिल्याच दिवशी ते आवारात आले आणि लाऱ्यांभोवती फिरले. तारेनं बांधलेले मडगार्ड, टायरातून बाहेर आलेलं कापड, दोरीनं आवळलेला दरवाजा. मग पुंजारामला म्हणाले, "चल, कन्नडपर्यंत येतो. बघू तर दे रस्ता."

लारी दौलताबादच्या वेशीतून निघाली तेव्हा उस्तादांनी दोन्ही बाजूंचे दगड पाहिले आणि पाय आखडून घेतले. पुढं घाट लागला. उजवीकडं कडा, डावीकडं खोल दरी, आणि दम लागलेली लारी दरीच्या कडेनं घरंगळत-सावरत चाललेली. उस्तादांनी खिडकीतून खाली पाहिलं, आणि मग दरवाजाची दोरी घट्ट धरली. नजर होती तेव्हा ते चाकावर असत आणि डोळे पुढच्या रस्त्यावर; शेजारी बसून दरी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

"हा रस्ता असा हाय?"

"व्हय, उस्ताद. असाच हाय की."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

खुलताबादला लारी पाणी घ्यायला थांबली तेव्हा उस्ताद खाली उतरले. बाजारातून शहराकडं निघालेली एक बैलगाडी त्यांनी हाक मारून थांबवली, गाडीवानाला बाजूला सरकायला सांगितलं आणि वर चढून बसले. पुंजारामनं विचारलं तर म्हणाले, "तू जा. मी येतो निवांत."

गाडी घाटाच्या बाजूला वळेपर्यंत पुंजाराम उभा होता. मग त्यानं भट्टीत कोळसा टाकला, किन्नराला पंखा फिरवायला सांगितलं आणि कन्नडचा रस्ता धरला. बाजार सुटायच्या आत कापूस भरायचा होता.