तात्यांनी बांध कोरला नव्हता

तात्या आज गेले, आणि मला आधी हायसं वाटलं.

वडील गेल्यावर मुलगी असं लिहिते का? लिहिते. पुढचं वाचा.

मागच्या मार्चमध्ये महाळुंगे पडवळला आमची आणि नानांची, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची, जमीन जीपीएसच्या मशीनने मोजली. प्रायव्हेट मोजणीवाला दिवसभर बिझी, म्हणून आला दिवेलागणीनंतर.

मशीन म्हणालं, आमचा बांध दोन हात नानांच्या रानात घुसलाय.

नाना चारचौघांत बोलले, "दादा, सख्ख्या भावाचा बांध कोरलास?"

आमच्याकडे माणूस चोर म्हटलेलं एकवेळ ऐकून घेईल, हे नाही.

तात्यांचं जेवण तुटलं. हार्ट आधीच वीक. हा डाग घेऊनच जातात की काय, या भीतीने माझी झोप उडाली.

मी पुण्यात उपग्रहाच्या डेटावर काम करते. तो विषुववृत्ताच्या आसपास खूप वरच्या हवेतले विद्युतभारित कण मोजतो. सूर्य मावळला की त्या कणांच्या थरात कधीकधी प्रचंड पोकळ बुडबुडे उठतात. त्यातून येणारा जीपीएसचा सिग्नल भरकटतो आणि मोजणी चुकते.

त्या संध्याकाळचा डेटा उघडला. आपल्याकडच्या आभाळात ग्राफला खड्डेच खड्डे, म्हणजे बुडबुडेच बुडबुडे.

ऑफिसात एकटीच हसत सुटले.

लॅपटॉप घेऊन घरी गेले. तात्यांनी बराच वेळ बघितलं.

"आमच्या भांडनाचा फोटू काढला व्हय गं तुझ्या उपग्रहानं?"

नानांना काही पटलं नाही. "पोरगी बापाचीच बाजू घेनार."

तेही खरंच होतं राव. म्हटलं, नाना, तोच माणूस, तेच मशीन, फक्त सकाळी बोलवा.

सकाळी मोजलं. हद्दीचा दगड जिथल्या तिथं!

नाना सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"वैनी, चा टाका."

तात्या आतून ओरडले, "साखर कमी टाक गं, त्याला शुगर हाये."

त्यानंतर तात्या शेवटपर्यंत पोटभर जेवले.

आज घाटावर पुढाऱ्यांची भाषणं चालली होती. जन्मात माईक न धरलेले नाना उठले.

"माझ्या दादानं बांध कोरला न्हाई. मी बोललो व्हतो, ते खोटं व्हतं. समद्यांनी ऐका."

 मला तेव्हाच रडू फुटलं.

तात्या, निर्धास्त जा. लेकीचा शेवटचा नमस्कार.