टाकीतला तिसरा ऑस्कर
माशांच्या खाद्याचा तो खारट, कुबट वास आला की मी पुन्हा प्रकाशा गावातल्या त्या घराच्या बैठकीत जाऊन बसते. ताई पसंत असल्याचा निरोप आला, म्हणून आम्ही आमच्या कोरीट गावाहून मुलाचं घर बघायला गेलो होतो. सोफ्यासमोर काचेच्या टाकीत ऑस्कर जातीचे तीन कोवळे मासे होते. दोघं एकत्र वाढलेले, तिसरा नंतर आणून सोडलेला. मुलाच्या आईने चिमूटभर दाणे टाकले. तिसरा वर येताच दोघांनी ढुशा मारत त्याला फिल्टरमागे दाबलं. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. "हाऊ असा कोपरामा का बठेल शे?" त्या दबून बसलेल्या माशाकडे बघत माझ्या वडिलांनी विचारलं. "नवा शे ना तो," चहा ओतत ती म्हणाली, "मार खाई खाई शिकी जाई." सगळे हसले, वडील सगळ्यांत मोठ्याने, आणि चहा संपायच्या आत साखरपुडा ठरला. घरी आल्यावर ताईला आम्ही टाकी केवढी मोठी आहे तेवढंच सांगितलं. आता ती माहेरी येते तेव्हा भर मे महिन्यातही तिच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत असतात. वडील काहीच विचारत नाहीत, कूलर तेवढा तिच्याकडे वळवतात.