खोलीला विचारणारा माणूस

दारात चपला काढायच्या, हातातली पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवायची, खोलीच्या मधोमध उभं राहायचं आणि डोळे मिटून एक खणखणीत टाळी वाजवायची. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मिस्त्रींनी हेच केलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होते. मला वाटलं, आरतीबिरती म्हणतात की काय!

"काय झालं हो?" मी विचारलं.

"थांबा वैनी. आधी खोलीला विचारू द्या."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. रेडिओ दुरुस्त करता करता टीव्हीवर आलेला आणि टीव्ही पातळ होऊन भिंतीला चिकटल्यावर घरोघर स्पीकर बसवत फिरणारा. परभणीत स्टेशनच्या बाजूला मिस्त्रींचं हातभर दुकान होतं. देवळाचा भोंगा असो, मशिदीचा असो, नाहीतर लग्नाच्या मांडवातला; आवाज बिघडला की माणसं त्यांच्याकडेच धावायची.

आमच्या खोलीला विचारण्यासारखं बरंच होतं. घर बांधलं तेव्हा मी तिशीतली होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. प्लॉट गोमुखीच हवा, असा मी हट्ट धरला. तोंडाशी अरुंद, मागे रुंद. अशा जागेत लक्ष्मी टिकते म्हणे. मग बैठकही तशीच झाली. दारापाशी नऊ फूट आणि आत गेलं की चौदा. त्यात जिना आतूनच हवा, सिमेंटचं शोकेस भिंतीतच हवं, हेही माझंच. छत्री घेऊन मी गवंड्याच्या डोक्यावर उभी असायची. बिचारा ओळंबा सोडायचा आणि माझ्याकडे बघून परत गुंडाळायचा. लक्ष्मीचं राहू द्या, पण त्या खोलीत साधी हाकसुद्धा धड पोचायची नाही.

त्या खोलीत पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलानं स्पीकर आणून ठेवले. पाच लहान पेट्या आणि एक लठ्ठ. मला गाण्याबजावण्याचं एवढं काही नव्हतं. माझा मतलब वेगळा होता. आमचे हे निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी ओट्यावर एकटेच बसायचे, ट्रान्झिस्टर कानाला लावून. आत आले तरी गप्प. मी दहा वाक्यं बोलावीत आणि त्यांनी भिंतीकडे बघावं. शेवटी आमचं बोलणं "वाढलंय" आणि "झालं" एवढ्यावर आलं होतं. वाटलं, थिएटरसारखा आवाज घुमला तर माणूस घरात तरी बसेल.

पेट्या मीच मांडल्या, तेव्हा साठी उलटली असली तरी तिशीतली अक्कल शाबूत होती. पाचही पेट्या शोकेसमध्ये उंचीप्रमाणे ओळीनं, चिनी मातीच्या बदकांच्या शेजारी. प्रत्येकीखाली क्रोशाचा रुमाल. लठ्ठ पेटीवर मनी प्लांटची कुंडी. तिला समोर एक गोल भोक होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून त्यात उदबत्त्यांचे पुडे. टीव्ही लावला, धडामधूम सुरू झालं आणि कुंडी पावलं टाकत टाकत पेटीवरून खाली उतरली. हे दहा मिनिटांत उठून ओट्यावर गेले.

म्हणून मी मिस्त्रींना बोलावलं. सरळच सांगितलं, "असं बसवा, की हे घरात बसतील."

त्यांनी लठ्ठ पेटीच्या भोकात हात घालून एकेक पुडा बाहेर काढला. मोगरा, चंदन, केवडा. माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "वैनी, हितून आवाज निघतो. वास न्हाई."

मग त्यांनी यांना ओट्यावरून आत बोलावलं. "साहेब, बसा तुमच्या खुर्चीवर. वैनी, तुमी तुमच्या दिवाणावर. डोळे मिटा. टाळी कुठून आली ते बोटानं दाखवा."

माझी सगळी उत्तरं बरोबर. शाळेत कधी पैकीच्या पैकी मिळाले नव्हते, ते त्या दिवशी मिळाले. ह्यांचं मात्र नवलच. मिस्त्री जिन्याशी टाळी वाजवोत की दाराशी, ह्यांचं बोट उजवीकडे, खिडकीकडे. पाच टाळ्या, पाच वेळा खिडकी. मी फिदीफिदी हसत सुटले.

"बघा मिस्त्री! यांना दिशा म्हणून कळत नाही. सोनपेठच्या लग्नाला निघालो आणि यांनी उलट्या दिशेच्या एसटीत बसवून देवगाव फाट्याला उतरवलं होतं मला!"

मिस्त्री हसले नाहीत. ते यांच्या उजव्या अंगाला जाऊन उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "साहेब, डावा कान कवापासून बंद हाय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "झाली असतील दोन वर्षं. हळूहळू गेला."

"वैनीला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर ही आणखी मोठ्यानं बोलली असती."

आता मिस्त्री हसले. मला काही हसू येईना. माझा दिवाण त्यांच्या बरोबर डाव्या हाताला होता. दोन वर्षं मी घरातलं, गावातलं, मनातलं सगळं त्या बंद दारात ओतत होते आणि उत्तर येत नाही म्हणून वर फुगूनही बसत होते. ह्यांचं म्हणणं, घरात टीव्ही, पंखा आणि मी एकदम सुरू झालो की सगळ्याची खिचडी होते. ओट्यावर निदान एक आवाज एका कानाला धरता येतो.

मिस्त्रींनी त्या दिवशी स्पीकरच्या आधी माणसं हलवली. ह्यांची खुर्ची जिन्याच्या कोनात, डावा खांदा भिंतीकडे. माझा दिवाण ओढत ओढत उजव्या हाताला. मग एक लांबट पेटी उचलली. "वैनी, सिनेमातली माणसं ह्या पेटीतून बोलतात. बाकीच्यातून पाऊस पडतो, गाड्या पळतात. पाऊस कुठं बी पडू द्या. माणसाचं बोलणं साहेबांकडंच जायला पाहिजे." ती पेटी त्यांनी टीव्हीखाली न ठेवता उजवीकडे तिरकी बसवली. शोकेसमध्ये फक्त बदकं राहिली.

मुलानं फोनवर चित्र पाहिलं आणि ओरडला, "आई, पुस्तिकेत असं नाहीये!"

मिस्त्री स्टुलावरूनच म्हणाले, "त्यांना इचारा, पुस्तिकेत साहेब कुठं बसतात ते लिवलंय का?"

एवढ्यावर काम संपलं असतं. पण त्यानंतर दर आठवड्याला त्यांची स्कूटर दारात थांबायची. "साहेब, कानाच्या डॉक्टरला भेटलाव का?" हे टाळायचे. गुडघा दुखतो, पाहुणे येणार आहेत, उद्या बघू. मी सोबत यायला निघाले तर नकोच म्हणायचे. चार महिन्यांनी एका सकाळी मिस्त्रींनी यांना स्कूटरवर मागे बसवून नेलं. डाव्या कानात थोडी धुगधुगी आहे, डॉक्टर म्हणाले. परत आले तेव्हा कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र होतं आणि हे लाजत होते. मुंडावळ्या बांधल्या तेव्हाही इतके लाजले नव्हते.

मी आभार मानायला लागले की मिस्त्री हात झाडायचे. "मी काय केलंय? खोलीनं सांगितलं." मला माहीत होतं, खोली तेच दोन वर्षं मलाही सांगत होती.

गेल्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. आजारी असल्याचं कळलंही नव्हतं. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. दुखवट्याला आम्ही दोघं मिळून गेलो. त्यांच्या बायकोनं आम्हाला ओळखलं नाही, मग हे कानाला हात लावून म्हणाले, "भाभी, हे त्यांनी करवून घेतलं." त्या कानाकडे बघत राहिल्या आणि पदर डोळ्याला लावला.

घरी आल्यावर मी कुकर लावला, वांगी फोडणीला टाकली आणि दिवाणावर येऊन बसले. टीव्ही लावावासा वाटला नाही. मग हे खुर्ची थोडी माझ्याकडे वळवत म्हणाले, "आज गप्प का? बोल की."

मग मी मिस्त्रींबद्दल बोलत राहिले. कुंडी, उदबत्त्या, पुस्तिका, सगळं पहिल्यापासून. ह्यांना ते सगळं माहीत होतं, तरी मध्ये मध्ये "हं, मग?" म्हणत ऐकत होते. वांगी करपल्याचा वास दोघांनाही फार उशिरा आला.