जावयाचं मशीन

आमच्या घरात आलेलं पहिलं सीडी मशीन आमचं नव्हतं. ते ताईच्या आंदणातलं होतं. लग्न ठरलं होतं, मुलगा दोंडाईच्याचा, आणि आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, लग्नाच्या दोन महिने आधीच ते आणून ठेवलं. नव्वदचं दशक संपत आलेलं. लिंबायतच्या आमच्या गल्लीत टीव्ही बहुतेकांकडे होता, पण असलं मशीन कुणाकडेच नव्हतं. दुकानदारानं आप्पांना गुजरातीत बजावलं होतं, "काका, घरे जईने चलावी जोजो." घरी जाऊन चालवून बघा. बस्स. बिचारा सहज बोलला असेल. आप्पांनी ते वाक्य देवाच्या आज्ञेसारखं झेललं.

आप्पा उधन्याला लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, मिस्त्री. न तपासलेलं मशीन व्याह्यांच्या घरी पाठवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तपासायला सीडी हवी, म्हणून त्यांनी एक अख्खी हिंदी मालिकाच आणली. पहिल्याच भागात हवेलीतल्या ठाकुराला दुधातून विष दिलं जातं आणि पुढचे कित्येक भाग ते कुणी दिलं हे शोधण्यात जातात. ही मालिका टीव्हीवर लागायची तेव्हा आप्पांची रातपाळी असायची. मुनीमानंच विष दिलं, हे त्यांनी पहिल्या दिवशीच जाहीर केलं. मायला धाकट्या ठकुराणीचा संशय. मला विचाराल तर दोघांनाही काही कळत नव्हतं.

मायनं मात्र एक अट घातली. "जवाईनी वस्तू शे ती! वरखडा पडायला नको." म्हणून तपासणी झाली की मशीन रोज परत खोक्यात जायचं. आधी पातळ पिशवी, मग दोन्ही बाजूंना थर्माकोल, कोपऱ्यात ती ओल शोषणारी पुडी आणि वरून गुंडाळलेल्या वायरी. रिमोटवरचा प्लास्टिकचा कागद तर काढायचाच नाही, त्याच्यावरूनच बटणं दाबायची. माझा जीव जायचा हो हे सगळं करताना! एक भाग बघायचा तर आधी लग्नाच्या मांडवासारखी मांडामांड आणि मग पुन्हा आवराआवर.

मशीनमध्ये सोयी काय कमी होत्या? पुढे सरकणाऱ्या थाळीत एकदम तीन सीडी बसायच्या. एक संपली की थाळी आपोआप फिरायची, उठायला नको. बटण दाबलं की सुरुवातीचं गाणं ओलांडता यायचं. आणि सगळ्यात भारी म्हणजे काल जिथं थांबवलं तिथूनच आज सुरू व्हायचं. ही शेवटची सोय आमच्या काही कामाची नव्हती, कारण प्लग काढला की मशीनची आठवण जायची आणि आम्ही तर प्लगच काय, थर्माकोलसकट सगळंच काढत होतो.

पण आमच्याकडे ताई होती. "मुनीम जिन्यावरून उतरत होता, कुत्रं भुंकलं, तिथं थांबलो होतो," असं म्हणून ती बरोब्बर त्या जागी आणून सोडायची. वायरी जोडायचं कामही तिचंच. पिवळी कुठे, पांढरी कुठे, लाल कुठे, हे ती भाजी निवडता निवडता मागे हात घालून करायची. आणि आप्पा पलंगावरून ओरडायचे, "पुढे ले! पुढे ले!" गाणं लागलं की पुढे ले. मागच्या भागात काय झालं ते दाखवायला लागले की पुढे ले. ठकुराणी रडायला लागली तरी पुढे ले. लग्नाआधी मालिका संपली पाहिजे ना! मशीन जाणार, ताईही जाणार.

ताई जाणार, यावर मात्र आप्पा एक अक्षर बोलत नसत. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. आप्पांनी त्यात आपल्या मनाची भर घातली, की जेवायचं नाही तर जायचंच कशाला? मी जाणार नाही, सांगून ठेवतो. ताईनं हे ऐकलं आणि ताटं उचलली. मी धाकटी, पण मला इतका राग आला होता आप्पांचा! अहो, मुलगी परदेशी चालली होती की काय? उधन्याहून एक गाडी धरली की दोंडाईचा.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी शेवटच्या तीन सीडी थाळीत घातल्या. अर्धी गल्ली दाराशी जमली होती. गाणं ओलांडलं, मुनीमाच्या खोलीत दिवा लागला, आणि आमच्या अख्ख्या गल्लीतली लाइट गेली. थोडा वेळ वाट बघितली. मग पाहुणे यायला लागले आणि मायनं अंधारातच चाचपत मशीन खोक्यात घालून चिकटपट्टी लावून टाकली.

लग्नात आंदण मांडलं होतं. शेजारची काकू पुढे झाली, मशीनवर प्रेमानं हात ठेवला आणि ताईच्या सासूला म्हणाली, "आवाज थोडा बारीक ठेवा हं याचा, फार घुमतो." मायनं तिला कोपरापाशी असा काही चिमटा काढला की ती जेवणापर्यंत गप्प होती. निघताना ताईनं आप्पांना एवढंच विचारलं, कधी येणार? आप्पांनी मान फिरवली आणि टेम्पोवाल्यावर उगाचच खेकसले.

चार दिवसांनी मालिकेचा डबा उघडला तर शेवटच्या तीन खणांत काहीच नाही. मशीनबरोबर त्या सीडीही सासरी गेल्या होत्या. आमच्याकडे सगळी गोष्ट होती, शेवट नव्हता. "जाऊ द्या. मुनीमच आहे, बघायचं काय त्यात," आप्पा म्हणाले. पण रोज जेवताना ते त्या टीव्हीकडे बघत बसायचे. बंद टीव्हीकडे.

महिन्याभरानं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आमच्यासाठी फोन आला. व्याही होते. मशीन पहिल्या दिवसापासून बंद आहे म्हणाले. लाल दिवा लागतो, गुरगुरतं, चित्र म्हणून दिसत नाही. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बंद? कसं बंद? अहो, दोन महिने आम्ही..." मी त्यांच्या पायावर जोरात पाय दिला. नवीन मशीन दोन महिने कसं चाललं, हे काय सांगणार होते व्याह्यांना? ते घसा खाकरून म्हणाले, "मी स्वतः येतो."

माझ्या हाताखालून गेलेलं मशीन बंद पडूच कसं शकतं, हे त्यांनी उधना ते दोंडाईचा मला किती वेळा ऐकवलं! मांडीवर हत्यारांची पिशवी. बरोबर डबा आणि पाण्याची बाटलीसुद्धा घरची. नियम म्हणजे नियम.

ताई दारातच उभी होती. वाळली होती थोडी. आप्पांनी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "काय व्हयनं याले?" असं मशीनकडे बघून विचारलं आणि खाली बसले. मागची बाजू वळवली. मीही वाकून पाहिलं. पिवळी वायर लाल भोकात होती आणि लाल पिवळ्यात. डोळे मिटून वायरी जोडणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरात!

आप्पांनी वर बघितलं. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत फरशीकडे बघत होती. मला वाटलं, आता झापतात. व्याही, सासू आणि जावई सगळेच वाट बघत होते. आप्पांनी पिशवीतून पाना काढला, स्क्रूड्रायव्हर काढला, टेस्टर काढला, सगळं ओळीनं मांडलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "भलता मोठा बिघाड शे. दिवस जाईल."

मग त्यांनी चार स्क्रू काढले आणि तेच चार स्क्रू पुन्हा बसवले. जावयाला लूमच्या गोष्टी सांगितल्या. व्याही आणि जावई कंटाळून बाजारात गेले, सासूबाई पडायला आत गेल्या. तेव्हा कुठे आप्पांनी वायर जागेवर लावली आणि थाळी उघडली. आमच्या तिन्ही सीडी जशाच्या तशा बसलेल्या.

"तू पाहिलं नाहीस?"

"तुमच्याशिवाय कसं पाहू?" ताई म्हणाली.

आप्पा एकदम उठून आपल्याच बाटलीतलं पाणी प्यायले. मग ते तिच्या शेजारी येऊन बसले. टीव्हीवर गाणं सुरू झालं. ताईनं सवयीनं बटण दाबलं आणि गाणं गेलं.

"मांगे ले," आप्पा म्हणाले.

"काय?"

"मांगे ले. गानं वाजू दे."

त्या दिवशी आम्ही प्रत्येक भागाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मागच्या भागात काय झालं तेही बघितलं. ठकुराणीला पोटभर रडू दिलं. भयंकर गाणं होतं ते, पण आप्पा मान डोलवत होते.

घरी पोचलो तर माय दारातच. लेक कशी आहे हे दोनदा विचारून झाल्यावर तिनं खरा प्रश्न काढला. विष कुणी दिलं?

"कळलं नाही. दोनच सीडी झाल्या, गाडीची वेळ झाली," आप्पा चप्पल काढत म्हणाले. "आणि मशीनही अजून पूर्ण बरं नाही. पुढच्या महिन्यात परत जावं लागेल."

मायनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी हत्यारांची पिशवी खुंटीला अडकवत होते.

"मंग आते मी बी येसू," माय म्हणाली.